मंडळीच्या सभागृहात गावाची चर्चासभा: एका पाळकसाहेबांच्या प्रश्नाला उत्तर

पाळकसाहेब, सलाम.

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. आपली मंडळी, म्हणजे आपल्या चर्चचे सभासद, सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आहे. गेल्या वर्षी २६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीला, शासन पाळते तो सामाजिक न्याय दिन आपण चर्चच्या सभागृहात घेतला. वक्ते चांगले होते, खुर्च्या भरल्या होत्या, वर्तमानपत्रात फोटोही आला, आणि त्यानंतर काहीच झाले नाही. आता तरुण संघ म्हणतो की गावातील सर्वांसाठी दर महिन्याला खुली चर्चासभा घ्यावी. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीतील दोन ज्येष्ठ सभासद म्हणतात की चर्चने उपासना, संडे स्कूल आणि आजाऱ्यांच्या भेटी एवढेच पाहावे, कारण आजच्या दिवसांत कोण कसला आळ घेईल सांगता येत नाही. सभा घ्यावी का, घ्यायची तर कशी, आणि आळ कसा टाळावा, असे आपण विचारले आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील मंडळ्यांच्या महिला संघांबरोबर मी बरीच वर्षे हेच काम करत आले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

सभा जरूर घ्यावी. मात्र तिचा विषय ‘सामाजिक न्याय’ हा ठेवू नये. विषय एवढा लहान असावा की त्याचे उत्तर ज्याने द्यायचे ते कार्यालय, आणि शक्य असेल तर त्या कार्यालयातले टेबल, आपल्याला बोटाने दाखवता यावे. ‘स्त्रियांवरील अन्याय’ या विषयावर भाषण होते, टाळ्या होतात आणि आभारप्रदर्शन होते. ‘आपल्या गल्लीतल्या सात-आठ एकट्या बायकांचे निराधार योजनेचे अर्ज तहसील कार्यालयात कुठे अडकले आहेत’ या विषयावर मात्र चर्चाच करावी लागते, कारण त्या बायका समोर बसलेल्या असतात आणि प्रत्येकीचा अर्ज वेगळ्या कारणाने अडकलेला असतो. आपला गेल्या वर्षीचा कार्यक्रम फसला असे मी म्हणणार नाही. तो जयंतीचा कार्यक्रम होता आणि जयंतीसारखा झाला. चर्चासभा ही निराळी गोष्ट आहे.

ज्येष्ठ सभासदांच्या शंकेला उत्तर देताना आपल्याच दोन जिल्ह्यांचा इतिहास उपयोगी पडेल. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या भागातले लोक मिशनच्या आवारात आपली दुखणी घेऊन येत राहिले. साताऱ्यात तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा दिली. तेव्हा मंडळीच्या उंबरठ्याच्या आत इतरांनी बसणे ही आजच्या तरुणांनी काढलेली टूम नव्हे. पण याच इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. दवाखान्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरलेले असते, आणि मिशनच्या काळापासून आपल्याला देणाऱ्याच्या खुर्चीत बसायची सवय जडली आहे. चर्चासभेत ती खुर्ची सोडावी लागते. शिवाय सामाजिक न्याय म्हणजे काय हे मंडळीने या भागाला शिकवण्यासारखे काही नाही. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे नायगाव, दोन्ही सातारा जिल्ह्यातली. बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्याच शाळेत दाखल झाले. भाऊरावांची रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात सुरू झाली. सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात १९८० च्या दशकात परित्यक्ता स्त्रियांनी संघटित होऊन आपले हक्क मागितले. ज्या लोकांच्या आजोबा-आज्यांनी हे केले, त्यांना आपण सभागृह, सतरंजी आणि वेळ द्यायची आहे. उपदेश त्यांना नको आहे.

आता विषय कसा निवडावा ते सांगते. आपले गाव नदीकाठी आहे म्हणून पुराचेच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्या पुरानंतर अनेक ठिकाणी सभा झाल्या, आणि बहुतेकींमध्ये कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे पाणी, कोयनेचा विसर्ग आणि सरकारचे चुकलेले नियोजन यांवर तावातावाने बोलणे झाले. ते प्रश्न खोटे नव्हते, पण गल्लीत बसलेल्या माणसाला त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण त्यांची उत्तरे मुंबई, बंगळूर आणि दिल्लीत आहेत. त्याऐवजी एका सभेचा विषय फक्त एवढाच ठेवून पाहावा: बहे, ताकारी, भिलवडी आणि आयर्विन या पुलांपैकी आपल्याला जवळचा जो पूल असेल, तिथे पाणी किती फुटांवर गेले की आपल्या कोणत्या गल्लीत ते शिरते? हे जुन्या लोकांना तोंडपाठ असते. एखादी आजी सांगते की मारुतीच्या देवळाच्या पायरीला पाणी लागले की आमच्या गोठ्यात तासाभरात येते. हे सगळे एका मोठ्या कागदावर, गल्लीनिहाय, फुटांच्या आकड्यांसह लिहून घ्यावे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाकडे जनावरे आहेत, भाडेकरू कोण आहेत, हेही त्यावर यावे. भाडेकरूंची नोंद तर विसरूच नये, कारण पूर ओसरल्यावर पंचनामा घर पाहून होतो, आणि ज्याच्याकडे भाडेकरार नाही, विजेचे बिल नाही, तो मदतीच्या यादीतून सहज गळतो. हा कागद मे महिन्यात तयार करून ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला आणि तहसील कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला पोच घेऊन द्यावा. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर सभा घेण्यात काही अर्थ नाही.

ज्या प्रश्नांना असे कार्यालय नसते, त्यांचे काय, असे तरुण विचारतील. उदाहरणार्थ, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे. आपल्या मंडळ्यांत हा प्रकार नाही असे आपण म्हणतो खरे, पण आपल्यातल्या विधवांना हळदी-साखरपुड्यात कुठे बसवले जाते ते एकदा नीट पाहावे. अशा प्रश्नांसाठी ग्रामसभा हेच कार्यालय. नदीपलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. आपल्या सभेतून असा विषय निघाला तर शेवटी त्याचा ठरावाचा मसुदा होऊन तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गेला पाहिजे. मसुदा मांडणारी व्यक्ती शक्यतो आपल्या मंडळीतली नसावी. ती कोण असावी हे सभेतच ठरू द्यावे.

सभागृहात सगळे विषय होत नाहीत, हेही लवकर ध्यानात घ्यावे. ऊसतोड मजुरांचा विषय घ्या. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जत अशा भागांतून टोळ्या येतात, नदीकाठच्या उसाच्या फडांजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत ही माणसे आपल्या शेजारी राहूनही आपल्या कोणत्याही यादीत नसतात. त्यांना संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या सभागृहात बोलावणे म्हणजे न येण्याचे आमंत्रण देण्यासारखे आहे, कारण पहाटे फडात गेलेली बाई संध्याकाळी मोळ्या भरून देऊन, वाढे विकून, मग चुलीकडे वळलेली असते. तेव्हा तळावरच जावे लागते. अशाच एका तळावर आम्ही काही बायका रेशनचा विषय घेऊन बसलो होतो. मजुरांची टोळी आणणारा मुकादम समोरच पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. “रेशन मिळतं का?” असे विचारले की प्रत्येक बाई आधी त्याच्याकडे पाही आणि मग “मिळतंय की” असे म्हणे. पुढे ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली म्हणून तो उठून गेला, तेव्हा कडेवर मूल घेतलेली एक बाई म्हणाली, “कार्ड गावाकडं सासूपाशी राहिलंय. इथं आम्हाला कोण देतंय?” पाठोपाठ आजारी पडल्यावरही खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कसा कापतात ते दुसरीने सांगितले, आणि हंगाम संपेपर्यंत आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते हे तिसरीने. मुकादम परत आल्यावर पुन्हा सगळ्या गप्प झाल्या.

कार्डाविषयीच्या त्या एका वाक्याचे काय करता येते, ते सविस्तर सांगते, कारण सगळ्या कामाची रीत त्यात आली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ खालच्या कार्डाला आता गावाची हद्द राहिलेली नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’ या व्यवस्थेमुळे बीडच्या कार्डावरचे धान्य सांगली जिल्ह्यातल्या दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा देऊन घेता येते. त्यासाठी कार्डाचे पुस्तक हातात असायला हवे असेही नाही, कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक पुरतो. सासू गावाकडे आपल्या वाट्याचे धान्य घेत असेल तर उरलेले इकडे उचलता येते. म्हणजे कायद्याने त्या बाईचा प्रश्न सुटलेला आहे, फक्त तिला आणि दुकानदाराला ते कोणी सांगितलेले नाही. दुकानदाराची अडचणही खरी असते: त्याच्याकडे धान्य नेहमीच्या कार्डांच्या हिशेबाने आलेले असते, आणि नव्या माणसांना दिले तर महिनाअखेरीस आपल्या गिऱ्हाइकांना काय द्यायचे हा त्याचा प्रश्न असतो. म्हणून आधी दुकानदाराला भेटावे, मग तळावरच्या कुटुंबांची संख्या लिहून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत त्या दुकानासाठी वाढीव धान्याची मागणी द्यावी, आणि मगच चर्चासभा घ्यावी. त्या सभेला पुरवठा निरीक्षक, दुकानदार आणि टोळीतल्या दोन-तीन बायका, एवढ्या जणांना एकत्र बसवता आले की काम निम्मे झाले. मुकादमालाही बोलवावे, पण बायकांचे बोलणे होऊन गेल्यावर. खाडा आणि उचल यांचा प्रश्न रेशनइतका सरळ नाही. तो कारखाना, मुकादम आणि वाहतूकदार यांच्या करारात गुंतलेला आहे, आणि मंडळीने त्यात एकटीने उडी न घेता या विषयावर काम करणाऱ्या संघटनांच्या मागे उभे राहावे, असे माझे मत आहे.

सभेच्या दिवशीची रचना मी दोन-तीन गोष्टींपुरती आग्रहाने सांगते. बाकीचे आपले तरुण पाहून घेतील. ज्यांच्यावर बेतले आहे त्यांनी आधी बोलावे आणि अधिकाऱ्यांनी शेवटी. आपल्याकडे नेमके उलटे होते: साहेब पहिल्यांदा बोलतात, योजनांची यादी वाचतात, ‘पुढच्या बैठकीला जायचे आहे’ म्हणून उठतात, आणि मग उरलेल्या लोकांसमोर लोक बोलतात. अधिकाऱ्यांना ‘मार्गदर्शन करावे’ असे पत्र देऊच नये. दोन आठवडे आधी तीन नेमके प्रश्न लिहून द्यावेत आणि ‘या प्रश्नांची माहिती घेऊन यावे किंवा संबंधित लिपिकांना पाठवावे’ अशी विनंती करावी. लिपिक आला तर उत्तमच, कारण फाइल त्याला माहीत असते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय आणि परिचय करून देणाऱ्याचा परिचय यांत पाऊण तास जातो हे आपण सगळे जाणतो, तरी सोडवत नाही. चर्चासभेत यांतले एकही नसावे. एवढ्यावरून कोणी पाहुणा रुसला, तर तो पाहुणा आपल्या कामाचा नव्हता असे समजावे.

अध्यक्षस्थानी आपण स्वतः बसू नये. पाळक अध्यक्ष असले की मंडळीची माणसे आदराने गप्प बसतात आणि बाहेरच्यांना हा धर्माचा कार्यक्रम वाटतो. मंडळीतली एखादी निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका आणि मंडळीबाहेरचे एक विश्वासू माणूस, असे दोघांनी मिळून सभा चालवावी. नियोजनाच्या समितीत बुद्धविहाराचे, मशिदीच्या जमातीचे, बचत गटाचे आणि एखाद्या तरुण मंडळाचे प्रतिनिधी सुरुवातीपासून असावेत; पत्रिका छापून झाल्यावर त्यांना ‘सहकार्य’ मागणे हे त्यांनाही कळते आणि ते येत नाहीत. सभेला नागरिक चर्चासभा असे साधे नाव असावे आणि चर्चचा उल्लेख फक्त पत्त्यात यावा. जागा उपासना मंदिराची नको, सभागृहाची किंवा आवारातल्या झाडाखालची घ्यावी. बाहेरच्या माणसाला चपला काढून आत यायचे की नाही, डोके झाकायचे की नाही, असे प्रश्न पडू नयेत.

मला विचाराल तर सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एक जाड वही. प्रश्न कोणता, कोणी सांगितला, कोणते कार्यालय, कोण जाणार, कोणत्या तारखेला, काय उत्तर मिळाले, एवढे रकाने तिच्यात पुरतात. पुढच्या सभेची सुरुवात या वहीच्या वाचनाने करावी, मग त्यात ‘गेलो नाही’ असे लिहिलेले असले तरी ते मोठ्याने वाचावे. निराधार योजनेचेच उदाहरण घ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ अशांना दरमहा मदत मिळते, पण बहुतेकांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची आहे. आजच्या मजुरीच्या दराने महिन्यातले दहा-बारा दिवस कामावर जाणारी बाईसुद्धा ती अट ओलांडते, म्हणून दाखल्यावर काय लिहिले जाईल यावर सगळे अवलंबून राहते. परित्यक्तेचे तर आणखी अवघड, कारण नवऱ्याने सोडल्याचा पुरावा तिने कुठून आणायचा? अशा अर्जांत तीन गोष्टी वहीत नोंदवाव्यात: अर्जाची पोच आहे का, त्रुटी लेखी कळवली आहे का, आणि कळवली नसल्यास लेखी मागितली आहे का. उत्पन्नाचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची अधिसूचित सेवा आहे. मुदतीत मिळाला नाही तर त्याच कायद्याखाली अपील करता येते. तोंडी ‘पुढच्या आठवड्यात या’ याला अपील नसते, म्हणून पोच लागते. आणि अट अन्यायाची आहे असे सभेला वाटत असेल, तर ते आमदारांना लेखी कळवण्याचे काम वेगळे करावे. लिपिकाशी त्यावर वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

आता आळाविषयी. ज्येष्ठ सभासदांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. धर्मांतराचा संशय हा आज कोणत्याही मंडळीच्या दारात उभा असतो आणि एका अफवेने वर्षभराचे काम बसते. त्यावर भाषणाने नव्हे, वागण्यानेच उत्तर देता येते. चर्चासभेत पत्रके वाटू नयेत, शुभवर्तमानाच्या प्रती टेबलावर मांडू नयेत, अर्पणाची थैली फिरवू नये, कोणालाही ‘रविवारी उपासनेला या’ असे म्हणू नये, आणि हजेरीच्या वहीत नाव व गल्ली यांपलीकडे काही विचारू नये. आधारची छायाप्रत तर मुळीच गोळा करू नये. सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेच्या वाचनाने करावी. यावर आपल्याच लोकांपैकी कोणी तरी विचारील की आपल्याला प्रार्थनेची लाज वाटते का. त्यांना सांगावे की समितीतल्या मंडळीच्या सभासदांनी सभेआधी पाळकांच्या घरी एकत्र प्रार्थना जरूर करावी. पण आपल्या गरजेसाठी आलेल्या माणसाला आधी डोळे मिटायला लावणे हे पाहुणचाराला धरून नाही. सभेची तारीख, विषय आणि समितीची नावे स्थानिक पोलीस ठाण्याला पत्राने कळवून पोच ठेवावी. ध्वनिक्षेपक लावायचा तर रीतसर परवानगी घ्यावी, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो हे लक्षात असू द्यावे. पण पन्नास-साठ माणसांना ध्वनिक्षेपक लागत नाही, आणि त्याशिवाय बायका अधिक मोकळेपणाने बोलतात.

राजकारणाबद्दल कायदा स्पष्ट आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८ चा केंद्रीय कायदा धार्मिक संस्थेची जागा राजकीय प्रचारासाठी वापरण्यास मनाई करतो. म्हणून निवडणुकीच्या तोंडावर कोणी इच्छुक ‘तुमच्या सभेत दोन शब्द बोलतो’ म्हणून आला, तर त्याला नाही म्हणताना आपल्याला अवघडण्याचे कारण नाही. कायद्याचे नाव सांगावे आणि चहा द्यावा. नगरसेवक किंवा सरपंच आपल्या पदाच्या नात्याने उत्तर द्यायला येत असतील तर ते वेगळे, पण आचारसंहिता लागू असताना चर्चासभाच पुढे ढकलावी हे बरे.

एक भाग असा आहे की ज्यावर आपण प्रश्न विचारलेला नाही, पण माझ्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. मंडळी गावाला न्यायाच्या चर्चेला बोलावते, तेव्हा गाव मंडळीच्या आत काय चालते तेही पाहत असते. नोव्हेंबरचा दुसरा रविवार देशभरातल्या अनेक चर्चमध्ये दलित मुक्ती रविवार म्हणून पाळला जातो. त्या दिवशी १९५० च्या अनुसूचित जाती आदेशावर, म्हणजे अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट घालणाऱ्या आदेशावर, संदेश होतो: शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या यादीत घेतले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना अजून घेतलेले नाही, आणि रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्येच ती अट काढण्याची शिफारस केली होती. हे सांगायलाच हवे. पण त्याच रविवारी, उपासनेनंतर, फक्त आपल्या सभासदांची एक बंद दाराआडची सभा घेऊन हेही विचारावे की आपल्यात लग्ने कोणाच्या घरी जुळतात आणि कोणाच्या घरी जुळत नाहीत, कमिटीवर वर्षानुवर्षे कोणती आडनावे आहेत, कबरस्तानात कोणाला कुठली बाजू मिळते. ही चर्चा कडवट होते. ती गावासमोर करण्याची गरज नाही, पण ती टाळून गावाची सभा चालवता येईल असे मला वाटत नाही.

घरातल्या मारहाणीचा विषय खुल्या सभेत कधीच घेऊ नये. कायद्याची माहिती द्यावी, व्यक्तीची कहाणी मात्र कोणाला सांगायला लावू नये. ज्या बाईला बोलायचे असेल तिच्यासाठी एक खोली, एक विश्वासू बाई आणि संरक्षण अधिकाऱ्यांचा क्रमांक तयार ठेवावा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली बाईला राहत्या घरातून काढू नये असा आदेश मिळू शकतो, हे आपल्या मंडळ्यांत फार थोड्यांना माहीत असते. आपल्याकडे पाळक आणि वडीलजन मिळून ‘समेट’ घडवतात, दोघांकडून वचन घेतात, आणि बाई परत त्याच घरात जाते. पाळकसाहेब, समेट करण्याआधी तिला एकटीला विचारावे, आणि तिचे नाही हे नाहीच मानावे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर तिथे समेटाला जागाच नाही: पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे ज्याला ते कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे, आणि पाळकांना त्यातून सूट नाही. सभेच्या समितीतल्या प्रत्येकाला हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावे. वकिलाची गरज लागल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, आणि कायद्याची माहिती द्यायला वकीलही तेच पाठवतात, मानधन न घेता.

खर्चाचे थोडक्यात सांगते. परदेशी देणगीच्या खात्यातला पैसा या कामाला लावू नये. तो ज्या हेतूसाठी आला त्याच हेतूवर खर्चावा लागतो, परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही, आणि चर्चासभेच्या चहाचा हिशेब त्यात दाखवण्याची वेळ आली की संशयाला आयते कारण मिळते. खर्च असतो तरी किती: चहा, सतरंज्या, वही, तहसीलला जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे. तो गावातूनच गोळा व्हावा, निम्म्याहून अधिक मंडळीबाहेरच्या लोकांकडून व्हावा, आणि महिन्याचा जमाखर्च सभागृहाच्या बाहेरच्या फळ्यावर लावावा. ट्रस्टच्या हिशेबात सभागृहाच्या वापराची नोंद मात्र कमिटीच्या ठरावासह ठेवावी. तो ठराव पहिल्या सभेच्या आधी व्हायला हवा, आणि विरोध करणाऱ्या दोन ज्येष्ठांपैकी एकाला हिशेब तपासायला घ्यावे. ते तो फार काटेकोरपणे तपासतील, आणि फळ्यावर त्यांचीच सही असावी.